चौक्यातला चष्मा

चंपाबाईनं महाराजांच्या ओंजळीत ठेवलेल्या घासात केस निघाला ते साल एकोणऐंशी. महाराजांनी कुणाकडं पाहिलं नाही. त्यांनी ओंजळ सोडली, भात खालच्या पातेल्यात पडला, हात धुतले, आणि मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू उचलून ते पायऱ्या उतरून गेले.

दिगंबर मुनी दिवसातून एकदाच जेवतात. उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत, श्रावक जे वाढतील ते. पाणीही तेव्हाच. घासात केस निघाला, मुंगी निघाली, की अंतराय. जेवण तिथंच संपलं. मग दुसऱ्या दिवशी आहाराची वेळ होईपर्यंत पोटात काही जायचं नाही, मे महिना असला तरी. तो मे महिनाच होता.

चंपाबाईला कुणी दोष दिला नाही. अशा वेळी दोष द्यायचा नसतो, कर्माचा उदय म्हणायचं असतं, आणि आमच्या निपाणीत सगळ्यांनी ते न चुकता म्हटलं. तिचा नवरा पद्मराज, तंबाखूच्या वखारीवरनं आला तो म्हणाला, "वाऱ्यानं उडून आला असंल." वारा नव्हता. असता तरी दार लावलेलं होतं. तांदूळ चंपाबाईनं निवडला होता, भात तिनं केला होता, आणि खरी गोष्ट अशी होती की गेलं वर्षभर तिला तांदूळ नीट दिसतच नव्हता. ती बोटांनी निवडायची. खडा बोटाला लागतो. केस लागत नाही.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पंचेचाळिशी उलटली की जवळचं दिसायचं कमी होतं, यात लाजण्यासारखं काय आहे असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांच्या घरी चौका लागत नाही. ज्या स्वयंपाकघरात मुनींचा आहार व्हायचा तो चौका, आणि तिथं अन्न शोधून बघणारे डोळे हीच बाईची अब्रू. पुढच्या खेपेपासून चौक्यात पुढं उभी राहायला लागली ती चंपाबाईची थोरली जाऊ अक्काताई. अक्काताईच्या नाकावर तारेचा गोल चष्मा होता, काड्या कानाला वेढा घालून आलेल्या, आणि त्या चष्म्यात ती शाळातपासनीस दिसायची. तिनं केसाबद्दल चंपाबाईला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर भांडता आलं असतं.

एक्क्याऐंशीचा चातुर्मास तेच महाराज निपाणीत करणार अशी बातमी आली. त्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर, म्हणजे दिवस मावळायच्या आधीच, चंपाबाई नवऱ्याला म्हणाली, "मला चष्मा पायजे."

"कशाला गं? दिसतंय की तुला."

"दिसत न्हाय. महाराज यायच्या आत पायजे. एकदा माझ्या हातनं त्यांचं पोट भरू दे, मग मी मागं उभी ऱ्हाते, जलमभर."

पद्मराज तसा बायकोच्या शब्दाबाहेरचा माणूस नव्हता. पण चष्मा चौक्यात चालतो का, हा प्रश्न त्याला पडला आणि तो उपाध्यांकडं गेला. उपाध्यांनी, म्हणजे बस्तीतल्या, जैन मंदिरातल्या पुजाऱ्यांनी, बराच विचार केला. काच चालते. धातू चालतो. धुऊन घ्यायचा. प्लास्टिकचं शास्त्रात लिहिलेलं नाही, तेव्हा मनाईही नाही. चष्म्याचं घर चामड्याचं असेल तर ते चौक्याबाहेर. "आन एक," उपाध्ये म्हणाले, "वाढताना चष्म्याला हात न्हाय लावायचा. नाकाडोळ्याला लागलेला हात अशुद्ध." पद्मराजनं मान हलवली आणि घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, आणि चामड्याच्या घराऐवजी कापडी पिशवी शिवायचं ठरलं.

त्यांची मुलगी ब्राह्मी बेळगावात कॉलेजला होती. आईचा चष्मा बेळगावातच व्हायला पाहिजे, हे तिनं ठरवलं. निपाणीच्या बाजारातल्या चष्मेवाल्याकडं फक्त मास्तर आणि म्हाताऱ्यांचे चष्मे मिळतात असं तिचं मत होतं, आणि ते फारसं चूक नव्हतं. चंपाबाई सकाळच्या बसनं बेळगावला गेली. पदराला तिनं मूठभर तांदूळ बांधून घेतला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून नंबर लिहून दिला. लांबचं थोडं, जवळचं बरंच, दोन्ही एकाच काचेत. जोडभिंग. तो कागद घेऊन मायलेकी खडेबाजारातल्या एका मोठ्या दुकानात शिरल्या. दुकानदारानं नंबरच्या सुट्या काचा एका जाड लोखंडी सांगाड्यात बसवल्या, तो चंपाबाईच्या डोळ्यांवर चढवला आणि छापील कागद पुढं केला.

"वाचा बघू, बाई."

"वाचायचं ऱ्हाऊ दे," चंपाबाई म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडून तांदूळ काउंटरच्या काचेवर पसरला. मग स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटला आणि त्या तांदळात टाकून हातानं कालवला.

दुकानदार बघत राहिला. ब्राह्मी रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. शेजारी एक साहेब फ्रेम बघत होते, ते जरा सरकून उभे राहिले. चंपाबाईनं वाकून बघितलं, मग ताठ उभं राहून बघितलं, मग हात लांब करून तळव्यावर तांदूळ धरून बघितलं. आणि मग तिनं तो केस दोन बोटांत धरून वर उचलला.

"दिसला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानदाराला वाटलं काचा टोचत असतील.

काचांचा प्रश्न इथं मिटला. फ्रेमचा सुरू झाला, आणि तेव्हा ब्राह्मीनं रस्त्याकडचं तोंड दुकानाकडं वळवलं. दुकानदारानं आधी तारेची फ्रेम काढली, कानाला वेढा घालणारी. ती चंपाबाईनं हातातही घेतली नाही. मग काळी जाड. ती घातल्यावर ती पद्मराजच्या वखारीतल्या कारकुनासारखी दिसली. मग दुकानदार आत गेला आणि मखमलीच्या डबीतनं तिसरी घेऊन आला. मधाच्या रंगाची, मोठ्या चौकोनी काचांची, अर्धा गाल झाकणारी. काड्या खालून निघून वळण घेत कानाकडं गेलेल्या.

"इटलीचं डिझाइन आहे," तो म्हणाला. "मुंबईत सध्या हेच. वरच्या बाजूला फिकट तपकिरी रंग देऊ का काचेला? चेहरा खुलतो."

"रंग नगं," चंपाबाई म्हणाली. "तांदूळ पांढरा दिसला पायजे."

"फ्रेम तर घे आई," ब्राह्मी म्हणाली. "तुला बघ तरी."

चंपाबाईनं आरशात बघितलं. खोटं कशाला सांगायचं, ती सुरेख दिसत होती. गाल भरलेले वाटत होते, डोळे मोठे वाटत होते, आणि एकुणात ती तंबाखूवाल्याची बायको न वाटता कुणा कलेक्टरची वाटत होती. तिनं मान डावीकडं वळवून बघितलं, उजवीकडं वळवून बघितलं. अक्काताईसारखी ती कुठल्याच बाजूनं दिसत नव्हती. हे शेवटचं कुणी बोललं नाही, पण फ्रेम त्याच क्षणी ठरली.

चष्मा घ्यायला गेलेलं माणूस आरसा बघून परत येतं. चंपाबाईनं तरी तांदूळ नेला होता. लोक तेवढंही करत नाहीत. पण तिथं ती पंख्याखाली होती, आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते. त्या तासाभरात तिचा उजवा हात कितीदा नाकाकडं गेला हे ना तिनं पाहिलं, ना लेकीनं, ना दुकानदारानं. चष्मा घसरला की बोट जातं आणि त्याला वर ढकलतं. पापणी मिटते तसंच ते, करणाऱ्यालाही कळत नाही.

आठवड्यानं ब्राह्मी तयार चष्मा घेऊन निपाणीला आली. गल्लीत दोन दिवस तोच विषय होता. बायका बघून गेल्या. अक्काताईनं तिच्या तारेच्या चष्म्यातनं तो खालीवर न्याहाळला आणि म्हणाली, "जड न्हाय का वाटत चंपा?"

"न्हाय की."

"मग बरं हाय," अक्काताई म्हणाली आणि निघून गेली. तिला खरंच तेवढंच विचारायचं होतं. चंपाबाईनं त्याचा अर्थ जळफळाट असा लावला आणि तो दिवस तिचा फार चांगला गेला.

त्यानंतरचे दिवसही चांगलेच गेले. चंपाबाईनं चातुर्मासाचा सगळा तांदूळ, सगळ्या डाळी, गूळ, मिरी, एकेक परातीत घेऊन निवडलं. तीन वर्षांनी तिला धान्यातले टोके किडे दिसले, जाळी दिसली, जोंधळ्याच्या दाण्याला पडलेलं भोक दिसलं. ती खुशीत होती. पाटावर बसायचं, परात मांडीवर, एका हातानं निवडायचं, दुसरा हात मधेमधे नाकाकडं.

महाराज आषाढात आले. गाव वेशीपर्यंत सामोरं गेलं. दोन वर्षांत ते फार उतरले होते. पुढं एक तरुण शिष्य चालत होता आणि महाराज त्याच्या टाचांकडं मान घालून त्याच्या पावलावर पाऊल ठेवत होते. मुनींनी चार हात जमीन बघून चालायचं असतं, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. महाराज जमीन बघत होते असं लांबून वाटायचं. बेळगावचे एक डॉक्टर दर्शनाला आले, त्यांनी उजेडात महाराजांचे डोळे पाहिले आणि बाहेर येऊन पद्मराजला हळूच सांगितलं की काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, आणि याला चष्माही नाही. ही बातमी चंपाबाईपर्यंत आली तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे आता वाढणाऱ्यानंच बघायचं." तिला त्या बातमीनं भीती वाटली, आणि अभिमानही वाटला. दोन्ही खरं.

मुनी आहाराला निघताना मनात एक खूण धरतात. दारात नवरा-बायको असावीत, हातात नारळ असावा, असं काहीतरी. ती जिथं जुळेल त्या दारात थांबायचं, नाही जुळली तर उपाशी परत. त्यामुळं रोज गल्लीगल्लीत ओल्या अंगानं, धुतल्या कपड्यांत माणसं दारात उभी असायची आणि महाराज दुसरीकडंच थांबायचे. चंपाबाईच्या घरी रोज स्वयंपाक व्हायचा, रोज ती पद्मराजला घेऊन कलश हातात धरून उभी राहायची, रोज महाराज पुढं जायचे. श्रावणातल्या एका सकाळी ते थांबले. खूण त्यांनी आता कानानंच ओळखली असणार.

"नमोस्तु, नमोस्तु, तिष्ठ, तिष्ठ," पद्मराज म्हणत होता, थांबा म्हणून विनवत होता. तीन प्रदक्षिणा झाल्या, पाय धुतले, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, अन्नपाणी शुद्ध असं म्हणून झालं. महाराज चौरंगाजवळ उभे राहिले आणि त्यांनी हात जुळवून ओंजळ केली. घरात आणि ओसरीवर तीसेक माणसं होती.

पंखा बंद होता. पंख्यानं चिलटं मरतात म्हणून चौक्यात तो लावतच नाहीत. चूल पेटलेली होती, भाताची वाफ होती, बाहेर पाऊस पडून उघडला होता आणि हवेत चिकटा होता. चंपाबाईनं चष्मा सकाळीच पाण्यानं धुऊन घातला होता. तिनं पहिला घास बघितला, उजेडाकडं धरून पुन्हा बघितला, आणि ओंजळीत ठेवला. महाराजांनी तो अंगठ्यानं दाबून चाचपला. पूर्वी ते बघायचे. आता त्यांची नजर ओंजळीच्या पलीकडं कुठंतरी होती. त्यांनी घास तोंडात घातला.

दुसरा घास गेला. दूध गेलं. मग चंपाबाईच्या नाकावरच्या घामावरनं इटलीचं डिझाइन खाली यायला लागलं.

हात वर गेला. निम्म्यात तिनं तो आवरला. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की हा हात रोज नाकाकडं जात होता, आणि आता तो न्यायचा नाही. तिनं हनुवटी वर केली. चष्मा थांबला, पण जवळचं दाखवणारा काचेचा खालचा तुकडा पार गालावर उतरला होता आणि वरच्या लांबच्या काचेतनं स्वतःचाच हात पुसट दिसत होता. तिनं मान खाली घातली तर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. लांबनं बघणाऱ्याला वाटलं असेल, बाई तोरा करतीय.

तिनं भाताचा घास घेतला आणि ओंजळीवर नेला. घासावर काळी रेघ होती. केस असेल. फ्रेमची कड असेल. तिनं तो घास बाजूच्या ताटात टाकला आणि दुसरा घेतला. त्यावरही रेघ होती, किंवा नव्हती. महाराजांची ओंजळ रिकामी, तशीच पुढं धरलेली. कुणी म्हणेल, शेजारच्या बाईला सांगायचं, जरा चष्मा वर कर गं. म्हणायला सोपं आहे. शेजारच्या सगळ्याच सोवळ्यात होत्या, आणि असं काही सुचायला डोकं थंड लागतं. चंपाबाईच्या डोक्यात फक्त मे महिना होता आणि पायऱ्या उतरून जाणारी ती पाठ.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्ही द्या. मला दिसंना झालंय."

हळू आवाजात म्हणाली, पण तिथं दुसरा आवाजच नव्हता. ओसरीवरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. महाराजांनी मान आवाजाच्या दिशेला वळवली. अक्काताई पुढं आली, तिनं भांडं घेतलं, आणि जणू हे आधीच ठरलं होतं अशा हातानं घास द्यायला लागली. महाराज त्या दिवशी पोटभर जेवले. बऱ्याच दिवसांनी जेवले असं शिष्य म्हणाला.

चंपाबाई मागं भिंतीला टेकून उभी होती. वाईट वाटलंच, पण आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. ते उपाशी गेले नाहीत. घरच्यांनीही तिला समजावलं नाही, समजावण्यासारखं काही घडलं नव्हतं. सुट्टीला आलेली ब्राह्मी तेवढी दोन दिवस आईच्या समोर येईना.

चार-पाच दिवसांनी बस्तीत प्रवचन होतं. महाराज फार कमी बोलायचे. त्या दिवशी ते म्हणाले, "परवा आहाराला एका बाईनं हातातला घास थांबवला. मला दिसत नाही म्हणाली. एवढी माणसं बघत होती, तरी म्हणाली. मला दिसत नाही याला वर्ष झालं. शिष्य पुढं चालतो आणि मी त्याच्या पावलावर पाऊल ठेवतो. माझ्या पायाखाली काय मेलं मला माहीत नाही. माझ्या ओंजळीत काय पडतं मला माहीत नाही. मी कुणाला म्हणालो नाही. चालत राहिलो, खात राहिलो. त्या बाईनं मला वाट दाखवली. आता मी थांबतो."

मग त्यांनी सल्लेखनेचा नियम घेतला. अन्न हळूहळू कमी करत सोडायचं, मग दूध, ताक, मग पाणी, आणि देह जाईल तसा जाऊ द्यायचा. बस्तीत जयजयकार झाला. बायका वळून चंपाबाईकडं बघायला लागल्या. एकीनं तिच्या पायाला हात लावला. उपाध्ये म्हणाले, असं पुण्य सात जन्मांत मिळत नाही. चंपाबाईला उठून पळावंसं वाटत होतं, आणि पुढं-मागं माणसं असल्यामुळं पळता येत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं पद्मराजला सांगितलं, "मला दिसत हुतं ओ. चष्मा घसरला हुता. एवढंच हुतं."

पद्मराजनं दार ओढून घेतलं. "हे आता कुणाला सांगू नगंस," तो म्हणाला.

त्याचंही बरोबर होतं. सगळा गाव ज्याला पुण्य म्हणत होता त्याला फ्रेमचं माप चुकलं म्हणायचं, म्हणजे महाराजांचा नियमच हास्यास्पद करायचा. पण चंपाबाईला त्या नियमाशी घेणं नव्हतं. तिला महाराजांना एकदा पोटभर जेवू घालायचं होतं. त्यांचं जेवण तिनंच थांबवलं, असं तिच्या मनानं घेतलं. नाकावरच्या इतक्याशा वस्तूनं एका माणसाचं अन्न सुटावं, याचा तिला राग यायचा, आणि कुणावर काढावा हे कळायचं नाही. भादव्यात महाराजांनी धान्य सोडलं. मग दूध. गावात ज्याच्या त्याच्या दारी चौका लागत होता. चंपाबाई एकाही चौक्यात गेली नाही, आणि लोक म्हणायचे, बघा, किती निगर्वी बाई.

दसऱ्याच्या सुमाराला ती एकटीच निपाणीच्या बाजारातल्या चष्मेवाल्याकडं गेली. बेळगावच्या काचा त्याच्यापुढं ठेवल्या आणि म्हणाली, ह्याच नंबरच्या नव्या काढ, आणि तारेची फ्रेम दे. आठ दिवसांनी चष्मा तयार झाला तेव्हा तिनं तो घातला, दोन्ही हात पुढं करून ओंजळीत वाढल्यासारखे धरले आणि भर दुपारी त्याच्या दुकानासमोर उन्हात चालायला लागली. नाकावर घाम येईपर्यंत चालली. मग मान खाली घालून उभी राहिली, हलवली, पुन्हा घातली. बाजारातली माणसं थांबून बघत होती. चष्मा जागचा हलला नाही. डाव्या कानामागं काडी रुतत होती, ती तिनं चष्मेवाल्याकडनं जरा वाकवून घेतली, आणि पुन्हा उन्हात गेली.

आरसा तिनं मागितला नाही.

तिथनं ती तशीच बस्तीकडं गेली. महाराज आता फक्त पाण्यावर होते. आतल्या खोलीत चटईवर भिंतीला टेकून बसले होते, शिष्य वाचत होता. चंपाबाई दारात बसली.

"महाराज, मी चंपाबाई. पद्मराजांच्या घरची. घास थांबवलेली."

महाराजांनी हातानं खूण केली, बोल.

"मला दिसत हुतं महाराज. डोळ्याचं काय न्हवतं. मी फ्रेम मोठी घेतलती, दिसायला बरी म्हणून. ती घामानं घसरली. हात लावायचा न्हाय म्हणून म्हटलं दिसंना. तुम्ही माझ्या बोलण्यावर नियम घेतलाय. माझं बोलणं खोटं हुतं. तुम्ही अन्न घ्या."

शिष्यानं पोथी खाली ठेवली. महाराजांनी विचारलं,

"आता घसरतो?"

"न्हाय. दुसरी घेतली. तारेची."

"मान खाली घाला."

तिनं घातली.

"राहिला?"

"ऱ्हायला."

"बरं झालं," महाराज म्हणाले. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. "तुमचं दुरुस्त होणारं होतं. तुम्ही बोललात ते तुमच्या बाबतीत खोटं निघालं असेल. माझ्या बाबतीत निघालं नाही."

चंपाबाई रडायला लागली. तिला असं काही ऐकायचं नव्हतं. तिला त्यांनी रागवायला हवं होतं, किंवा ऐकायला हवं होतं.

"उद्या पाणी तुम्ही द्या," महाराज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बस्तीतच चौका मांडला होता. चंपाबाईनं पाणी गाळलं, उकळलं, निवल्यावर दाराच्या उजेडात धरून पाहिलं, आणि कुणी घाई केली नाही. दोघांनी धरून महाराजांना उभं केलं. त्यांनी ओंजळ जुळवली. चंपाबाईनं मान खाली घातली आणि धार धरली. चष्मा जागेवर होता. तिला पाणी दिसत होतं, पाण्याखाली तळहाताच्या रेषा दिसत होत्या, बोटांच्या पेरांवरची सुकलेली कातडी दिसत होती. पाण्यात काही नव्हतं. महाराज प्यायले. तिनं पुन्हा धार धरली, ते पुन्हा प्यायले, आणि मग त्यांनी ओंजळ सोडली. अंतराय झाला नव्हता. त्यांचं पोट भरलं होतं. शिष्यानं त्यांना हळूच खाली बसवलं, आणि महाराजांनी बसल्या जागी, सगळ्यांच्या देखत, आजपासून पाणीही सोडलं असं सांगितलं.